ई-मेलच्या यादीतून नाव का गळतं?



ऊस नोंदीची पत्रकं, लागणीचे सल्ले, सभेच्या सूचना ई-मेलवर मिळाव्यात म्हणून आपल्यापैकी पुष्कळांनी कारखान्याकडे पत्ते दिले. आता काहीजण गट ऑफिसात येऊन विचारतात, "साहेब, आमचं नाव कुणी काढलं?" खरं सांगायचं तर कुणीच नाही. यादी चालवणारा प्रोग्रॅमच ते काढतो. (शेअर्सच्या रजिस्टरातलं नाव वेगळं, त्याला धक्का लागत नाही. तेवढी काळजी नको.)

दाराला कुलूप दिसलं तर पोस्टमन दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. त्या पत्त्यावर माणूसच राहत नसेल तर शेरा मारून पाकीट माघारी धाडतो. ई-मेलचंही तसंच. समोरच्या सर्व्हरनं ४ ने सुरू होणारा आकडा कळवला तर अडचण तात्पुरती, मग चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न होतो. ५ ने सुरू होणारा आकडा म्हणजे साफ नकार. पत्र परत येतं. यालाच बाउन्स म्हणतात.

मेलमन नावाचा जुना प्रोग्रॅम अशा याद्यांसाठी पुष्कळ ठिकाणी वापरतात. त्याचा मूळचा हिशेब असा: पत्र परत आलं की त्या दिवसाचा एक गुण. पाच गुण झाले की पत्रं थांबतात. मग सात-सात दिवसांनी तीन इशारे, आणि तरी उत्तर नाही तर नाव कमी. गंमत अशी की हे इशारे त्याच बंद दारावर जातात! मधे सात दिवस एकही पत्र परत आलं नाही तर मात्र जुने गुण पुसले जातात.

कधी कधी सभासदाची काहीच चूक नसते. एप्रिल २०१४ मध्ये याहूनं जाहीर केलं की आमच्या पत्त्याच्या नावानं आलेलं पत्र आमचंच असल्याची खूण पटली नाही तर ते नाकारा. पण यादीतलं पत्र लिहितो याहूवाला, आणि इतरांना पोचतं ते यादीच्या सर्व्हरवरून, तेही थोडं बदलून. जीमेलसारख्या सर्व्हरांनी ती पत्रं परत केली, आणि गुण चढले ते घेणाऱ्यांच्या नावावर. शेजाऱ्याच्या बैलानं ऊस खावा आणि कोंडवाड्याची पावती आपल्या नावानं फाटावी, तसं झालं. पुढे याद्यांनी पाठवणाऱ्याच्या जागी यादीचाच पत्ता घालायची सोय केली, म्हणून आता पत्रावर लेखकाऐवजी यादीचं नाव दिसतं.

आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा कारण साधं असतं. जीमेलची फुकट जागा १५ जीबी, आणि त्यातच फोटोही आले. लग्नाचे व्हिडिओ भरले की सभेची सूचना दारातूनच परत! दुसरं, पोरानं काढून दिलेलं खातं कुणी उघडतच नाही. दोन वर्षं न वापरलेली खाती डिसेंबर २०२३ पासून गूगल काढून टाकू लागलं आहे. तिसरं, पत्र स्पॅममध्ये पडतं आणि ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं. तिथं कारखान्याचं पत्र सापडलं तर 'स्पॅम नाही' असं दाबा आणि पत्ता संपर्कात साठवा. रागानं 'स्पॅम' दाबू नका. काही सेवा ती तक्रार पाठवणाऱ्याला कळवतात आणि नाव तिथंच कटतं.

जागा मोकळी केल्यावर यादीत नाव पुन्हा आपोआप चढेलच असं नाही. तरी पंधरा दिवस पत्र आलं नसेल तर मोबाइल घेऊन गट ऑफिसात या. तिथल्या तिथं एक पत्र पाठवून पाहू.