मन लागत नाही, मग कुळागरात कशाला जायचं?

वाळपईच्या बाजारात कुणी भेटलं की गुडघेदुखी, साखर, प्रेशर यांवर उभ्या उभ्या बोलणं होतं. रात्र रात्र डोळा लागत नाही, कशात जीव रमत नाही, हे मात्र घरातही कुणी सांगत नाही. मनाची तक्रार सांगितली की लोक 'पिसा झाला' म्हणतील, ही धास्ती. वास्तविक उदासी आणि चिंता हे मनाचे सर्वांत जास्त आढळणारे आजार आहेत आणि त्यांत माणसाचं भान शाबूत असतं. तो दुकान चालवतो, लग्नाला जातो, हसतोही.

'आधी मन बरं होऊ दे, मग कामाला लागेन' हा समज त्याहून घट्ट आहे. दिसायला शहाणपणाचा, पण गाडी उलटी जोडलेली. उदास माणूस कुळागरात जायचं सोडतो, भजन सोडतो, चवथीला घुमट हातात घेत नाही. ज्यातून चार घटका बरं वाटायचं तेच सुटल्यावर मन आणखी खचतं, आणि तो आणखी पडून राहतो. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडता येतं का, याची परीक्षा आपल्या गोव्यातच झाली. २०१३ ते २०१५ या काळात 'संगाथ' संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र उदासीच्या ४९५ रुग्णांवर हा अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत समुपदेशनाच्या सहा ते आठ बैठका दिल्या. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सोडलेली कामं थोडी थोडी परत सुरू करायची, अडचणी एकेक सोडवायच्या, माणसांत जायचं, एवढाच गाभा. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण उदासीतून बाहेर आले होते. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर ३९ टक्के. 'लॅन्सेट'मध्ये हे २०१७ साली छापून आलं.

म्हणून स्वतःची काळजी म्हणजे मसाज आणि रिसॉर्ट, हे जाहिरातवाल्यांना लखलाभ. मन नसलं तरी दहा पोफळींना पाणी घालून येणं, ही खरी काळजी. घरच्या बाईच्या बाबतीत उलट: तिचं काम थांबतच नाही, तिला अर्धा तास शेजारणीकडे बसू द्यावं.

रात्री डोळा लागत नाही म्हणून घेतलेल्या हुर्राकाच्या दारूने झोप लागते? लागते. पण उत्तररात्री तीच झोप मोडते आणि सकाळ जड जाते.

एवढं करूनही दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ मन वर येत नसेल, तर ते एकट्याने रेटायचं काम नाही. दिष्ट काढायची तर काढा, पण वाळपईच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनाही सांगा. पुढे बांबोळीची मनोविकार संस्था आहे. जगू नये असं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका. सरकारच्या 'टेलिमानस'चा नंबर १४४१६, रात्री-अपरात्रीही चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.