दुसऱ्याचें मन आणि मेंदूचीं चित्रें

एका लहानशा खेळापासून आरंभ करूं. सॅली नांवाची बाहुली आपली गोटी टोपलींत ठेवून बाहेर जाते. तिच्या पाठीमागें ॲन नांवाची दुसरी बाहुली ती गोटी काढून पेटींत लपविते. सॅली परत आल्यावर गोटी प्रथम कोठें शोधील? चार वर्षांपुढील बहुतेक मुलें ‘टोपलींत’ असें सांगतात. वाचकांस हा प्रश्न पोरकट वाटेल. परंतु त्याचें उत्तर देण्यास आपणांस ठाऊक असलेलें खरें बाजूस ठेवून सॅलीच्या मनांतील चुकीची समजूत ध्यानीं घ्यावी लागते.

सन १९८५ मध्यें बॅरन-कोहेन, लेस्ली व फ्रिथ या लंडनच्या संशोधकांनीं स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, २० मुलांस हें विचारलें. १६ जणांनीं ‘पेटींत’ असें सांगितलें. डाउन सिंड्रोम असलेल्या १४ पैकीं १२ मुलांचें उत्तर मात्र बरोबर आलें. तेव्हां ही अडचण सर्वसाधारण बुद्धीची नव्हे, असें त्यांनीं अनुमान काढलें. ‘पेटींत’ म्हणणारें मूल हट्टी नसतें कीं लबाड नसतें. त्यास जें खरें माहीत आहे तेंच तें सांगतें. एके काळीं अशा मुलांच्या आयांस मायेच्या अभावाचा दोष लावीत. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथानें तो समज पुष्कळ पसरविला. तो खोटा ठरला आहे. किती घरांस त्यानें रडविलें असेल!

कवटी न उघडतां मेंदूचें काम पाहण्याची सोय पुढें झाली. मेंदूचा जो भाग कामास लागतो तिकडे रक्ताचा ओघ वाढतो. त्यांतील प्राणवायूच्या प्रमाणानें चुंबकीय यंत्राच्या चित्रांत फरक पडतो, असें सेइजी ओगावा यांनीं १९९० मध्यें दाखविलें. सन २००३ मध्यें अमेरिकेंत रिबेका सॅक्स व नॅन्सी कॅनविशर यांनीं माणसांस अशा यंत्रांत निजवून गोष्टी वाचावयास दिल्या. कोणाच्या तरी चुकीच्या समजुतीची गोष्ट आली कीं, कानाच्या वर व किंचित् मागें असलेला भाग विशेष जागा होई. छायाचित्रांत एक आणि वस्तुस्थिति दुसरी, अशी गोष्ट आली तर तितका होत नसे.

स्वमग्नता किंवा स्किझोफ्रेनिया असलेल्या व्यक्तींच्या समूहांत अशा चित्रांत सरासरीचे फरक आढळले आहेत. पण रंगीत ठिपके पाहून हुरळून जाऊं नये. सन २००९ मध्यें क्रेग बेनेट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक मेलेला सॅमन मासा यंत्रांत ठेवला, त्यास माणसांचीं छायाचित्रें दाखविलीं व त्या माणसांची भावना कोणती असें रीतसर विचारलें! हजारों ठिपके तपासतांना योगायोगानें होणारी चूक वगळली नाहीं, तर त्या मृत माशाच्या मेंदूंतही हालचाल दिसत होती.

म्हणून एकट्या चित्रावरून कोणाही मुलास स्वमग्न ठरवितां येत नाहीं. तें निदान आजही मुलाशीं बोलून, खेळून व पालकांचें ऐकूनच होतें. शिवाय यंत्रांत डोकें न हालवितां पडून राहावें लागतें. ज्या मुलास तेंच सर्वांत जड, त्याचें चित्र बहुधा निघतच नाहीं.