सरस चिप मागे का पडते?

धामणगावहून मुंबईकडे जाताना मूर्तिजापूर लागते. तेथील शकुंतला गाडीच्या रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर होते, तर मोठ्या लाइनचे १६७६. मोठ्या लाइनचे इंजिन कितीही जोरदार असो, त्या रुळांवर ते चालणे शक्यच नव्हते.

संगणकाचेही तसेच आहे. मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा गावी जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक बनवला. त्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या 'ट्रान्सप्यूटर' चिपा होत्या. शेजारच्या चिपांशी थेट बोलण्यासाठी प्रत्येकीला चार जोडण्या असत. त्यामुळे एकच गणित अनेक चिपा वाटून घेत.

मग अशी चिप बाजारात का टिकली नाही?

चिप हे इंजिन मानले, तर लोकांजवळच्या आज्ञावली म्हणजे टाकलेले रूळ. ट्रान्सप्यूटरचा पुरेपूर उपयोग करायचा, तर काम तुकड्यांत वाटून त्या नव्याने लिहाव्या लागत. एवढा खटाटोप कोण करणार? दरम्यान भरपूर खपाच्या साध्या चिपा वेगवान होत गेल्या आणि ट्रान्सप्यूटरची पुढची 'टी-९०००' ही चिप रखडली. १९९८ च्या 'परम १००००' मध्ये सी-डॅकनेही 'अल्ट्रास्पार्क' चिपा वापरल्या.

काम वाटून घेण्याची कल्पना मात्र टिकली. आजचे महासंगणक तिच्यावरच चालतात. म्हणून नव्या यंत्राचा वेग पाहाल, तेव्हा त्याच्यासाठी रूळ आहेत का, हेही पाहा.