फेरीच्या गाडीचा भोंगा आणि बॅटरीचा हिशेब

नंदुरबारहून कोरीट आणि आसपासच्या गावांकडे रोज ज्या मोटारसायकली जातात, त्यांतल्या कितीतरी गाड्या म्हणजे चालती दुकाने असतात. मागे लोखंडी जाळी, तिच्यात भाजी, फळे, कपड्यांचे गठ्ठे, प्लास्टिकची भांडी, नाहीतर भंगाराची पोती आणि तराजू. जाळीला बांधलेला स्पीकर. पूर्वी फेरीवाला घसा फुटेपर्यंत ओरडायचा. आता तीच हाक मेमरी कार्डात भरून ठेवलेली असते. आपल्या समाजातली अनेक घरे या फेरीच्या हलाल कमाईवर चालतात.

अडचण सुरू होते ती स्पीकर मोठा केल्यावर. शेजारच्या फेरीवाल्याचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे जातो, मग आपणही बाजारातून ‘400 वॅट’ लिहिलेला अँप्लिफायर आणतो आणि थेट बॅटरीला जोडतो. पंधरा दिवस सगळे छान चालते. मग एके दिवशी सेल्फ लागत नाही, इंडिकेटर मिणमिणतात, हॉर्न घोगरा होतो. नवी बॅटरी घातली, तर तीही काही महिन्यांत बसते. दुकानदार बॅटरीला दोष देतो, मेकॅनिक कॉइलला. बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो. चूक हिशेबात असते. तो हिशेब आम्ही इथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

वीज येते कुठून?

मोटारसायकलची वीज बॅटरी तयार करत नाही, ती फक्त साठवते. वीज तयार होते इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटमध्ये. त्याच्या कॉइलमधून निघालेली वीज रेक्टिफायर-रेग्युलेटर सरळ करून बॅटरीला योग्य दाबाने पोचवतो. इंजिन जोरात फिरते तेव्हा वीज पुरेशी मिळते. गाडी जागेवर घुरघुरत असते तेव्हा फार कमी.

फेरीवाल्याची खरी गोम इथेच आहे. नोकरीवर जाणारा माणूस सलग अर्धा तास गाडी पळवतो. फेरीवाला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळतो, दर चौकात थांबतो, पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करतो आणि स्पीकर मात्र चालूच ठेवतो. म्हणजे खर्च सर्वांत जास्त तेव्हा, जेव्हा आवक जवळजवळ शून्य.

त्यात 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच राहतो. 2020 मध्ये बीएस-6 नियम आल्यावर बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आले. त्याच्या पंपाला आणि कंट्रोल युनिटलाही वीज लागते. अनेक जुन्या 100 सीसी गाड्यांत हेडलाइट थेट कॉइलवर चालायचा आणि बॅटरीसाठी वेगळी, बेताचीच वीज राखलेली असायची. नवी असो वा जुनी, छोट्या गाडीत स्पीकरसाठी उरणारी वीज थोडीच असते.

आकडे काय सांगतात?

वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. 36 वॅट भागिले 12 व्होल्ट म्हणजे 3 अँपिअर. 100 सीसीच्या गाडीत अनेकदा 3 अँपिअर-अवरची बॅटरी असते. कागदावर ती हा भार एक तास ओढेल. पण ही क्षमता दहा तासांत हळूहळू वीज काढली तर मिळणारी असते. एकदम जास्त ओढले की ती कमीच भरते. शिवाय सेल्फसाठी निम्मी बॅटरी शिल्लक हवीच. म्हणजे इंजिन बंद ठेवून हा स्पीकर अर्धा ताससुद्धा वाजवणे धोक्याचे. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार तळापर्यंत उतरली की तिच्या प्लेटा खराब होतात. खानदेशातला उन्हाळा तिचे आयुष्य आणखी घटवतो.

डब्यावरच्या ‘400 वॅट’वर जाऊ नका. तो क्षणभराचा कमाल आकडा असतो, आणि अनेकदा तेवढाही खरा नसतो. ‘आरएमएस’ म्हणून दिलेला आकडा बघा. शक्यतो ‘क्लास डी’ अँप्लिफायर घ्या; तो घेतलेल्या विजेपैकी 80 ते 90 टक्के स्पीकरला देतो. जुन्या पद्धतीचा ‘क्लास एबी’ अँप्लिफायर त्यातली जवळजवळ निम्मी वीज उष्णतेत घालवतो.

आवाज वॅटने वाढत नाही

आमच्या मते सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला तो फरक जेमतेम कळतो, बॅटरीला मात्र दुप्पट कळतो. उलट, स्पीकर योग्य निवडला तर त्याच विजेत कितीतरी जास्त आवाज मिळतो. साधा गोल कोनचा स्पीकर एका वॅटला एक मीटरवर 90 डेसिबलच्या आसपास आवाज देतो. मशिदीच्या मिनारावर असतो तसा भोंगा 105 किंवा त्याहून जास्त देतो. म्हणून बोलण्याच्या आवाजासाठी साध्या स्पीकरला जिथे 100 वॅट लागतील, तिथे भोंग्याचे काम पाच वॅटमध्ये भागू शकते. हाक गावभर पोचवायला 10 ते 15 वॅटचा छोटा भोंगा पुरेसा आहे.

बासचे बटण पूर्ण खाली करा. विजेचा मोठा वाटा धमधम करणारा बास खातो आणि हाकेला त्याचा काही उपयोग नसतो. रेकॉर्डिंग छोटे ठेवा: दहा-पंधरा सेकंद हाक, मग तेवढीच शांतता. खर्च निम्म्यावर येतो आणि गिऱ्हाइकाने विचारलेला भावही ऐकू येतो.

दोन सुरक्षित मार्ग

पहिला मार्ग स्वतंत्र बॅटरीचा. फेरीवाल्यासाठी आम्हांला हाच उत्तम वाटतो. यूपीएसमध्ये असते तशी 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी दोन किलोच्या आसपास भरते. ती प्लास्टिकच्या डब्यात घालून जाळीत घट्ट बांधा आणि रात्री घरी चार्जरवर लावा. भोंगा सरासरी दीड अँपिअर घेत असेल, तर निम्मी बॅटरी वापरूनही दोन तासांहून जास्त हाक मिळते. ही बॅटरी गाडीच्या वायरिंगला जोडू नका. नाहीतर दोन बॅटऱ्या भरण्याचा भार पुन्हा त्याच छोट्या कॉइलवर पडेल. गाडीची बॅटरी गाडीसाठी राखली, तर संध्याकाळी कोरीटहून परतताना गाडी ढकलायची वेळ येत नाही.

दुसरा मार्ग गाडीच्याच बॅटरीवर चालवण्याचा. तेव्हा हे पाळा:

- बॅटरीच्या प्लसजवळच फ्यूज लावा. 30 वॅटपर्यंतच्या जोडणीला 5 अँपिअरचा पुरे.
- किल्लीबरोबर चालू-बंद होणारा रिले बसवा, म्हणजे स्पीकर विसरून चालू राहणार नाही.
- वायर दीड चौरस मिलिमीटर तांब्याची घ्या. अर्थिंगही थेट बॅटरीच्या मायनसला द्या.
- हेडलाइटची किंवा इंजेक्शनची वायर कापून जोड देऊ नका. तो जोड पावसात गंजतो, आणि नव्या गाडीची वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

मग मल्टिमीटरने तपासा. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. हेडलाइट आणि स्पीकर चालू ठेवून, नेहमीच्या वेगाइतके इंजिन फिरवून 13.5 किंवा वर आले, तर बॅटरी भरते आहे. 12.7 च्या खाली राहिले, तर ती रिकामी होत आहे. भार कमी करा. 15 च्या वर गेले, तर रेग्युलेटर बिघडला आहे. मेकॅनिककडे पाच मिनिटांचे काम आहे, ते आधी करून घ्यावे.

शेजाऱ्याचा हक्क

केंद्र सरकारच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर तो बंद ठेवायचा असतो. वस्तीत दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा 100 मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. फेरी सुरू करण्यापूर्वी पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत चौकशी करावी.

कायद्यापलीकडेही एक जबाबदारी आहे. हजरत लुकमान यांनी मुलाला केलेला जो उपदेश पवित्र कुरआनात आला आहे, त्यात चालण्यात मध्यम मार्ग आणि आवाजात नरमाई या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. गाडीवरून हाक देत फिरणाऱ्याला याहून नेमका सल्ला कोणता? घरात बाळंतीण असते, आजारी म्हातारी असते, रात्रपाळी करून झोपलेला कामगार असतो. त्यांच्या दारावरून जाताना बटण खाली करणारा फेरीवाला गावाच्या लक्षात राहतो आणि गिऱ्हाईक त्याचीच वाट पाहते.

तेव्हा मोठा अँप्लिफायर घेण्याचे पैसे वाचवा. त्यात एक छोटा भोंगा, एक सीलबंद बॅटरी आणि चांगला चार्जर घ्या. हाक गावाला पुरेल आणि गाडी रोज घरी पोचवेल, इन्शाअल्लाह.