रंगाआधी गंज!

जुनी अमेरिकन मोटार घरी उभी करायला घेतली, की हौशी माणसाला आधी रंगाची स्वप्ने पडतात. फोर्डच्या मस्टँगबाबत तर हमखास! १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात अवतरलेली ही गाडी तेव्हा २,३६८ डॉलरपासून मिळे.

तिचे खरे दुखणे पुढच्या काचेखालच्या हवेच्या जाळीत दडलेले असते. तिथे पाने साचतात, ओल राहते, पत्रा आतून सडतो आणि पावसाचे पाणी थेट पायांवर टपकते. म्हणून गाडी विकत घेण्यापूर्वी त्या जाळीवर पाणी ओतावे आणि आत वाकून पाहावे. मालक कुरकुरला तरी! हा भाग उघडायचा, तर वेल्डिंगचे ठिपके एकेक करून ड्रिलने काढावे लागतात. त्यात कित्येक रविवार जातात. शिवाय या गाडीला वेगळी चासी नाही. दरवाजांच्या चौकटींना आधी टेकू न देता तळाचा पत्रा कापला, तर सांगाडा वाकतो आणि दरवाजे नीट बसत नाहीत.

आता संपूर्ण नवा सांगाडाही विकत मिळतो. सोय मोठीच, पण त्यावर जुने इंजिन चढवून तयार झालेल्या गाडीला साठच्या दशकातली मस्टँग म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.