पाहण्याचा अधिकार व बदलण्याचा अधिकार

शाळेचें गुणपुस्तक संगणकावर ठेविलें, तर तें कोणीं पाहावें व कोणीं बदलावें, हें आधीं ठरवावें लागतें. संकेतस्थळें रचणारांकरितां 'जँगो' नांवाची तयार चौकट आहे; ती अमेरिकेंतील लॉरेन्स गांवच्या एका वृत्तपत्राच्या कचेरींत जन्मली व २००५ सालीं सर्वांस खुली झाली. तींत प्रत्येक प्रकारच्या नोंदीस चार अधिकार आपोआप जोडले जातात : भर घालणें, बदलणें, पुसणें व पाहणें. नवल हें कीं, शेवटला अधिकार २०१८ पर्यंत नव्हताच! तिच्या कारभाराच्या पानांवर कारकुनास गुण नुसते दाखवावयाचे, तरी एक तर ते बदलण्याची मुभा द्यावी, नाहीं तर निराळी खटपट करावी लागे.

अधिकार एकेका माणसास न देतां 'शिक्षक', 'कारकून' अशा गटांस द्यावेत. पुढें काम बदललें कीं गट बदलला, झालें. परंतु आपण स्वतः रचलेल्या पानावरील 'बदला' हें बटण लपविलें म्हणजे दार बंद झालें, असें नवशिक्यास वाटतें. एखादा चतुर विद्यार्थी त्या पानाचा पत्ता थेट लिहून आंत शिरेल! यास्तव प्रत्येक मागणीच्या वेळीं सर्व्हरनेंच अधिकार तपासला पाहिजे. शाळा सोडून गेलेल्या शिक्षकाचें खातेंही पुसूं नये, निष्क्रिय करावें. त्याचे अधिकार थांबतात, व त्यानें केलेल्या नोंदी जागच्या जागीं राहतात.