संपादकातील गाळणी आणि कळसंकेत

आज्ञावलीच्या संपादकात लेखनाइतकेच महत्त्व लिहिलेल्या मजकुरावरील संस्कारास असते. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सिद्ध केलेला ‘व्हीआय’ हा संपादक या दृष्टीने उद्बोधक आहे.

गाळणी म्हणजे एकीकडून मजकूर घेऊन दुसरीकडे त्याचे संस्कारित रूप देणारी स्वतंत्र आज्ञावली होय. डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने १९७३ मध्ये युनिक्स प्रणालीत ‘पाइप’ आला आणि ही कल्पना दृढ झाली. व्हीआयमध्ये उद्गारचिन्ह व त्यानंतर उजवा महिरपी कंस दाबून ‘सॉर्ट’ असे लिहिले असता चालू ओळीपासून परिच्छेदाच्या अखेरपर्यंतच्या ओळी क्रमाने लागतात. पहिली कळ क्रिया सांगते, दुसरी तिची व्याप्ती. सारांश, कळसंकेत हे केवळ पाठ करावयाचे नसून वाक्याप्रमाणे रचावयाचे असतात.

तथापि गाळणीचे फलित मूळ मजकुराची जागा घेते, हे विसरता कामा नये. मराठी शब्दसूची निव्वळ युनिकोडच्या संकेतांकांनुसार लावली, तर ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये पडतो. परिणामी ‘मळा’ हा शब्द ‘मशाल’च्या आधी येतो. मराठी वर्णक्रमात ‘ळ’ हा ‘ह’नंतरचा असल्याने ‘मशाल’ आधी हवा. यंत्र या दोषाची सूचना देत नाही. ‘यू’ ही कळ पूर्वस्थिती आणते खरी. परंतु ती दाबण्याची वेळ ओळखणे अभ्यासकाच्या भाषाज्ञानावरच अवलंबून राहते.